निरोप्याची हद्द

“सर्व्हरला पासवर्ड आहे, पुढे फायरवॉल आहे, अपडेटही आम्ही वेळेवर टाकतो. मग वर आणखी हे एसईलिनक्स कशाला? उलट त्यानेच कामं अडतात.” शाळा असो, पतसंस्था असो, दूध संघ असो की शेतकरी गट, जिथे एखादा छोटा सर्व्हर कुणीतरी इतर दहा कामं सांभाळून चालवतं, तिथे हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर क्वचितच मिळतं. मिळतो तो सल्ला: ‘ते बंद करून टाका, सगळं चालू होईल.’ या प्रकरणात मला त्या सल्ल्याविरुद्ध बोलायचं आहे, आणि बंद न करता काम कसं चालवायचं हेही दाखवायचं आहे.

1. आधी सर्व्हर उभा करू

नंदुरबार जिल्हा घेऊ. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा. एकीकडे नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ, दुसरीकडे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतले सातपुड्यातले पाडे, जिथे मोबाइलची रेंज शोधत टेकडीवर चढावं लागतं.

समजा, इथल्या मिरची उत्पादकांच्या एका गटाने ठरवलं की रोजची आवक आणि भाव सभासदांच्या मोबाइलवर आपणच पाठवायचे. सभासदांची यादी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, अहिराणीतला आवाजी निरोपही पाठवता आला पाहिजे, आणि खर्च जमेल तेवढा कमी. हे सगळं आज शक्य आहे. एक साधा संगणक, त्यावर फेडोरा किंवा त्याच घराण्यातलं लिनक्स, आणि त्यावर ‘प्रॉसडी’ नावाचा फुकट मिळणारा संदेश-सर्व्हर. सभासदांनी आपल्या फोनमध्ये त्याला जोडणारं एखादं चॅट ॲप घेतलं की झालं.

प्रॉसडी हा डीमन आहे. म्हणजे असा प्रोग्राम, जो पडद्यावर कुठेही दिसत नाही, संगणक सुरू झाला की आपोआप सुरू होतो आणि कुणीतरी दार ठोठावण्याची वाट पाहत बसून राहतो. फोनवरून जोडणी आली की ओळख पटवून घेतो, निरोप घेतो, ज्याचा त्याला पोचवतो. समोरचा रेंजबाहेर असला तर तो येईपर्यंत निरोप जपून ठेवतो. अक्राणी तालुक्यातल्या धडगावच्या सभासदाला रेंज रात्री नऊला मिळाली, तर सकाळचा भाव त्याला रात्री नऊला मिळतो. या निरोप्याचं काम एवढंच आहे.

त्याच संगणकावर गटाचा हिशेबही आहे. हिशेबनिसाच्या फोल्डरमध्ये सभासदांची बँक खाती, आयएफएससी कोड, कुणाचे किती पैसे द्यायचे याचा तक्ता. एकदा घाईत दुसऱ्या कुणालातरी तो बघायचा होता, म्हणून त्या फोल्डरला आणि तक्त्याला ‘सर्वांना वाचायची मुभा’ दिली गेली आणि ती तशीच राहिली. असं कुठेही होतं. ही एक गोष्ट पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

2. घात निरोप्याच्याच वाटेने का होतो

संगणकावरचे बहुतेक प्रोग्राम फक्त मालकाचं ऐकतात. हिशेबाचा तक्ता हिशेबनीस उघडतो, बाहेरचा माणूस त्याच्याशी बोलायला येत नाही. संदेश-सर्व्हरचं उलटं आहे. अनोळखी माणसाने पाठवलेला मजकूर घेणं, तो उलगडून वाचणं, हेच त्याचं काम. त्याने दार बंद ठेवलं तर तो निरुपयोगी, आणि उघडं ठेवलं तर जगातला कुणीही त्या दारातून काहीही आत सरकवू शकतो. फायरवॉल इथे फार मदत करत नाही, कारण हे दार आपणच फायरवॉलमध्ये मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं.

आणि प्रोग्राम माणसांनी लिहिलेले असतात. हजारो ओळींत एखादी चूक राहतेच. मुद्दाम वेडावाकडा रचलेला एखादा संदेश त्या चुकीवर नेमका बोट ठेवतो, आणि संदेश वाचणारा प्रोग्राम तो वाचता वाचता पाठवणाऱ्याचे हुकूम पाळायला लागतो. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला किडा इंटरनेटभर पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक होती ‘सेंडमेल’, म्हणजे ईमेल पोचवणारा डीमन. त्यात चाचणीसाठी ठेवलेली एक सोय उघडी राहिली होती, आणि तिच्यातून निरोपाऐवजी हुकूम पाठवता येत होता. सुमारे 6,000 संगणक त्यात सापडले, असा त्या वेळचा अंदाज होता. त्या काळच्या इंटरनेटचा तो मोठाच हिस्सा होता.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘या खात्यातून इतके रुपये देऊ का?’ असा संदेश बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेकडे जातो आणि तिथून ‘द्या’ किंवा ‘नको’ असं उत्तर येतं. हल्लेखोरांनी मधे बनावट स्विच घुसवला आणि तो खोट्या कार्डांनाही ‘द्या’ म्हणत राहिला. 11 ऑगस्टला 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 13 ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-व्यवस्थेतून 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. दोन्ही वेळा तिजोरी फुटली नाही, निरोप फिरवले गेले.

आपला शेतकरी गट बँक नाही. पण रचना तीच आहे: अनोळखी जगाकडे तोंड करून बसलेला एक प्रोग्राम, आणि त्याच्या पाठीमागे त्याच संगणकात पैशांचा तक्ता.

3. मालकाची मर्जी आणि समितीचा नियम

आता मूळ कल्पनेकडे येऊ. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो. ती कुणी वाचावी, कुणी बदलावी हे तो मालक ठरवतो. ही मालकाच्या मर्जीवरची व्यवस्था. तिच्यात दोन भोकं आहेत. एक, मालक चुकू शकतो. हिशेबनिसाने तक्ता सर्वांना वाचायला उघडा ठेवला, तसा. दोन, प्रोग्राम ज्याच्या नावाने चालतो, त्याला जे जे करता येतं ते सगळं त्या प्रोग्रामलाही करता येतं, मग त्याच्या कामाला ते लागो न लागो. प्रॉसडी ‘प्रॉसडी’ याच नावाच्या वापरकर्त्याच्या खात्यावर चालतो. सर्वांना उघडा असलेला तक्ता या खात्यालाही उघडाच. म्हणजे उद्या प्रॉसडी हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तर तक्ताही गेला.

यावरचा उपाय समजायला बाजार समितीच्या आवारात चला. तिथे हमाल, मापाडी, अडत्या, खरेदीदार असे सगळे असतात आणि प्रत्येकाला समितीचा परवाना लागतो. मापाड्याने माप करायचं, हमालाने पोती उचलायची. आता एखाद्या अडत्याने आपल्या गाळ्याची किल्ली विश्वासाने हमालाला दिली, तर तो अडत्याचा प्रश्न. गाळा त्याचा आहे. पण तोच अडत्या म्हणाला, ‘आज माझ्या वतीने माप हाच हमाल करेल’, तर ते चालणार नाही. कारण माप कुणी करायचं हे अडत्याच्या मर्जीवर सोडलेलंच नाही, ते समितीने ठरवलंय. अडत्या कितीही मोठा असो, समितीचा नियम त्याच्या मर्जीच्या वर.

संगणकात समितीच्या जागी असलेली ही व्यवस्था म्हणजे सक्तीचं प्रवेश-नियंत्रण. ते लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये बसतं. प्रत्येक प्रोग्रामने काय करायचं याची एक यादी असते, आणि यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट नाकारली जाते. फाइलच्या मालकाने परवानगी दिली असली तरी, आणि प्रोग्राम सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने चालत असला तरी.

एसईलिनक्स ही या व्यवस्थेची सर्वांत प्रसिद्ध अंमलबजावणी. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती तयार केली आणि डिसेंबर 2000 मध्ये सर्वांसाठी खुली केली. 2003 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या 2.6 आवृत्तीत ती सामील झाली आणि 2005 पासून रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सबरोबर मिळू लागली. उबंटू आणि डेबियनमध्ये त्याच कामासाठी ॲपआर्मर असतं. ते फाइलच्या पत्त्यावरून नियम लावतं, समजायला सोपं आहे, आणि उबंटूवर काम करणाऱ्याने तेच वापरावं. इथे मी एसईलिनक्सच घेतो, कारण लोक सर्वांत जास्त त्यालाच कंटाळून बंद करतात.

4. बिल्ला कुणाला, कसला

एसईलिनक्स प्रत्येक गोष्टीला एक बिल्ला लावतं. चालू प्रोग्रामला, फाइलला, फोल्डरला, आणि ज्या क्रमांकाच्या दारातून जोडण्या येतात त्या पोर्टलाही. प्रॉसडी सुरू झाला की त्याला ‘प्रॉसडी_टी’ असा बिल्ला मिळतो. त्याचा डेटा ज्या फोल्डरमध्ये राहतो त्या फोल्डरला प्रॉसडीच्या डेटाचा बिल्ला. फोनवरून जोडण्या घेण्यासाठी ठरलेलं पोर्ट 5222, त्याला चॅटच्या ग्राहक-पोर्टाचा बिल्ला. दुसऱ्या संदेश-सर्व्हरशी बोलण्यासाठी 5269, त्याचा बिल्ला वेगळा. हिशेबनिसाच्या घरफोल्डरमधल्या फाइलींना ‘यूजर_होम_टी’.

नियम या बिल्ल्यांच्या भाषेतच लिहिलेले असतात: अमुक बिल्ल्याच्या प्रोग्रामने तमुक बिल्ल्याची फाइल वाचावी, लिहावी. प्रॉसडी_टीने आपला डेटा वाचावा-लिहावा, आपली नोंदवही लिहावी, आपल्या पोर्टवर बसावं. प्रॉसडी_टीने यूजर_होम_टी वाचावं असा नियम कुठेच नाही. म्हणून हिशेबनिसाचा तक्ता सर्वांना उघडा असला तरी प्रॉसडीला तो उघडत नाही. तपासणीचा क्रम असा: आधी मालकाची परवानगी बघितली जाते, ती मिळाली तरच बिल्ल्यांचा नियम बघितला जातो, दोन्हीकडून ‘हो’ आलं तरच काम होतं.

हे नियम तुम्हाला लिहायचे नसतात, हे मुद्दाम सांगतो, कारण भीती तिथेच असते. फेडोरा घराण्यात नेहमीच्या डीमनांसाठीचे नियम तयारच येतात. तुमचं काम फक्त एवढं की बिल्ले जागच्या जागी आहेत ना ते बघणं.

फोल्डरमधली यादी दाखवणारी ‘एलएस’ आणि चालू प्रोग्राम दाखवणारी ‘पीएस’ या आज्ञा लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतात. दोन्हींना मोठा ‘झेड’ हा पर्याय जोडला की प्रत्येक ओळीत बिल्लाही दिसतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याने ही सवय लावूनच घ्यावी.

5. बाजाराच्या आदल्या रात्री

आता एक प्रसंग पायरीपायरीने पाहू. जुना संगणक बिघडला, गटाने नवा घेतला. त्यावर लिनक्स आणि प्रॉसडी टाकलं. सांभाळणाऱ्या मुलाने जुन्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर आणली, आपल्या घरफोल्डरमध्ये उलगडली, आणि मग ‘एमव्ही’ आज्ञेने प्रॉसडीच्या डेटा-फोल्डरमध्ये हलवली. मालकी प्रॉसडीच्या नावाने केली, परवानग्या जशा हव्या तशा दिल्या. प्रॉसडी सुरू केला, तर एकाही सभासदाचं खातं सापडत नाही. परवानग्या पुन्हा तपासल्या, सगळं बरोबर. सकाळी बाजार उघडायच्या आत भाव जायला हवेत. इथेच कुणीतरी फोनवरून सांगतं, ‘सेटएन्फोर्स झिरो मार.’ तो मारतो, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूक थांबवतो, सगळं चालू होतं, मग मांडणीतही तेच कायम केलं जातं, आणि पुढची तीन वर्षं तो सर्व्हर उघडा राहतो.

त्याऐवजी काय करायला हवं होतं? नोंदवही वाचायला. एसईलिनक्सने नाकारलेल्या बहुतेक गोष्टी ऑडिटच्या नोंदवहीत लिहिल्या जातात. ‘एयूसर्च’ या आज्ञेने ताजे नकार मागितले की अशा ओळी येतात. ओळ लांब असते, पण तिच्यातले कामाचे तुकडे चारच:

काय नाकारलं: वाचणं.
कुणाला: प्रॉसडी_टी.
कशावर: यूजर_होम_टी.
वस्तू कसली: फाइल.

यात दुखणं उघड दिसतं. प्रॉसडीच्या फोल्डरमधल्या फाइलींवर हिशेबनिसाच्या घरातल्यासारखा ‘घरफोल्डर’वाला बिल्ला कसा? तर ‘एमव्ही’ने फाइल हलवली की तिचा जुना बिल्ला तिच्याबरोबर जातो. ‘सीपी’ने प्रत केली असती, तर नव्या फाइलीला नव्या फोल्डरचा बिल्ला मिळाला असता. बस, एवढाच फरक. उपायही एका ओळीचा: ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा प्रॉसडीच्या डेटा-फोल्डरवर, आतल्या सगळ्या फाइलींसकट चालवायची. प्रत्येक जागेला कुठला बिल्ला हवा याची यादी एसईलिनक्सकडे असते. रिस्टोअरकॉन ती बघून बिल्ले बदलतं. प्रॉसडी पुन्हा सुरू करा, खाती सापडतात.

आणि पाहा, एसईलिनक्स इथे चुकलंच नव्हतं. ‘घरफोल्डरमधली फाइल प्रॉसडीने वाचू नये’ हाच तर तक्ता वाचवणारा नियम आहे. तो नियम त्या रात्री आपलं काम करत होता.

समजा गटाला डेटा मुळातच वेगळ्या जागी, मोठ्या डिस्कवर ठेवायचा आहे. मग ‘सीमॅनेज’ या आज्ञेने यादीत आधी नोंद करायची की या नव्या जागेला प्रॉसडीच्या डेटाचा बिल्ला. आणि मग रिस्टोअरकॉन. काही जण ‘सीएचकॉन’ने बिल्ला हाताने बदलतात. त्याने तात्पुरतं भागतं, पण यादीत नोंद नसल्याने कधीतरी सगळे बिल्ले नव्याने लावले गेले की तो बदल पुसला जातो आणि तीच रात्र पुन्हा येते.

नोंदवहीत नकारच नसेल तर? मग बहुतेक वेळा दोष एसईलिनक्सचा नसतो. मालकी, परवानगी, मांडणीच्या फाइलीतली चूक, भरलेली डिस्क हे तपासा. मालकाच्या परवानगीवरच काम अडलं, तर प्रकरण बिल्ल्यांपर्यंत पोचतच नाही, आणि म्हणून नोंदही होत नाही.

6. वेगळं दार, जादा सवलत

गटाला 5222 ऐवजी 5322 वर जोडण्या घ्यायच्या असतील, तर प्रॉसडीच्या मांडणीत क्रमांक बदलणं पुरत नाही. 5322 ला चॅटच्या पोर्टाचा बिल्ला नाही. तो ‘सीमॅनेज’नेच द्यायचा.

काही सवलती नियमांत आधीच लिहून ठेवलेल्या, पण बंद ठेवलेल्या असतात. सभासदांना फोनमध्ये ॲप न घेता वेबपानावरूनच चॅट करायचं असेल, तर प्रॉसडीला वेबच्या पोर्टवर बसावं लागतं. त्यासाठी फेडोरात एक खटका आहे: ‘प्रॉसडी_बाइंड_एचटीटीपी_पोर्ट’. तो मुळात बंद असतो. ‘सेटएसईबूल’ने तो चालू करता येतो, कायमचा चालू हवा असेल तर मोठा ‘पी’ पर्याय जोडावा लागतो, नाहीतर संगणक पुन्हा सुरू झाला की खटका मूळ जागी. गरज नसेल तर त्याला हात लावू नका.

7. जी सोय मला धोक्याची वाटते

‘ऑडिटटूअलाउ’ नावाचं एक साधन आहे. ते नोंदवहीतले नकार वाचतं आणि ते सगळे मान्य करणारा नियम आपोआप लिहून देतं. अनेक जण ते डोळे झाकून चालवतात. पाचव्या भागातल्या रात्री ते चालवलं असतं तर काय झालं असतं? ‘प्रॉसडी_टीने यूजर_होम_टी वाचावं’ असा नियम तयार झाला असता. प्रॉसडी चालू झाला असता, सगळे खूश झाले असते, आणि हिशेबनिसाचा तक्ता कायमचा उघडा पडला असता. बिल्ला चुकला होता, आणि आपण नियमच मोडीत काढला असता. समितीच्या भाषेत सांगायचं तर, मापाड्याच्या छातीवर चुकून हमालाचा बिल्ला लागला म्हणून सगळ्या हमालांना मापाचा परवाना देऊन टाकला.

या साधनाने लिहिलेला प्रत्येक नियम वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: निरोप पोचवणाऱ्याला याची गरज का पडावी? उत्तर सुचलं नाही, तर नियम टाकायचा नाही. दहापैकी नऊ वेळा खरं दुखणं चुकीचा बिल्ला, बंद खटका किंवा बिल्ला नसलेलं पोर्ट हेच असतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि अगदीच काही सुचेना, बाजार उघडायला तास राहिला, तरी सगळा सर्व्हर उघडा टाकायची गरज नाही. ‘सीमॅनेज’ने फक्त प्रॉसडी_टी या एकाच बिल्ल्याला सैल सोडता येतं. मग प्रॉसडीचे नकार फक्त नोंदवले जातात, अडवले जात नाहीत. बाकी सगळ्या प्रोग्रामांवरचे नियम तसेच चालू राहतात. दुपारी शांतपणे नोंदी वाचा, दुरुस्ती करा, आणि तो बिल्ला पुन्हा आवळा.

8. हीच व्यवस्था फोनमध्ये

सर्व्हर न चालवणाऱ्या वाचकाला वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्यानंतरच्या वर्षांत बँकेपासून सरकारी योजनांपर्यंत कितीतरी कामं मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या संदेशावर आली. तो संदेश ज्या अँड्रॉइड फोनवर येतो, त्यात एसईलिनक्स आहे. 2013 मध्ये अँड्रॉइड 4.3 मध्ये ते फक्त नोंदी घेण्यापुरतं आलं, आणि 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून पूर्ण सक्तीने लागू झालं.

त्याची गरज 2015 मध्ये दिसली. अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ उलगडणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ या भागात चुका सापडल्या. एमएमएसने पाठवलेला बिघडवलेला व्हिडिओ फोनचा मीडिया-डीमन ताब्यात घेऊ शकत होता, तेही वापरणाऱ्याने काही न दाबता. त्या डीमनच्या हाती तेव्हा कॅमेरा, आवाज अशी बरीच कामं एकत्र होती. चुका दुरुस्त करणं हा झाला एक भाग. दुसरा भाग 2016 च्या अँड्रॉइड 7.0 मध्ये झाला: त्या एका डीमनचे अनेक तुकडे केले आणि प्रत्येकाला त्याच्यापुरताच बिल्ला दिला. व्हिडिओ उलगडणाऱ्याकडे कॅमेऱ्याची परवानगीच उरली नाही. आपल्या गटानेही हाच धडा घ्यावा. जमेल तर हिशेब आणि निरोप एका संगणकावर ठेवूच नयेत. ठेवावेच लागले तर बिल्ले काटेकोर हवेत.

9. काय थांबत नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रॉसडी ताब्यात गेला, तर एसईलिनक्स हिशेबाचा तक्ता वाचवेल, पण प्रॉसडीच्या स्वतःच्या हद्दीतलं काही वाचवू शकणार नाही. सभासदांची यादी, साठवलेले निरोप, हे सगळं त्याच्या परवानगीतच आहे. हल्लेखोर प्रॉसडीच्या तोंडून क्विंटलचा खोटा भावही पाठवू शकतो. निरोप पाठवणं हे प्रॉसडीचं मान्य काम आहे, आणि निरोप खरा की खोटा हे बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी भाव दोन ठिकाणांहून पडताळणं, पाठवणाऱ्याची खातरजमा, असे वेगळे उपाय लागतात. कर्नलमध्येच चूक निघाली, तर नियम राबवणाऱ्यालाच वळसा घातला जाऊ शकतो. म्हणून अपडेट टाळून चालत नाही.

कॉसमॉसबद्दलही ‘एसईलिनक्स असतं तर वाचलं असतं’ असं मी म्हणणार नाही. पण एटीएम-स्विचवरच्या अशा हल्ल्यांबद्दल ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने इशारा दिला, आणि 2024 मध्ये त्याच घातक प्रोग्रामचं लिनक्ससाठी बनवलेलं रूप समोर आलं. ते चालू असलेल्या प्रोग्रामला ‘पीट्रेस’ या सोयीने चिकटून त्याच्या आत शिरतं. पीट्रेस ही खरं तर प्रोग्राम लिहिणाऱ्यांना चुका शोधायला दिलेली सोय. एसईलिनक्समध्ये ती बंद करणारा खटका आहे, ‘डिनाय_पीट्रेस’. जो सर्व्हर फक्त निरोप पोचवतो, त्यावर तिची रोजची गरज नसते. मी तो खटका चालू ठेवेन.

10. तुमचा सर्व्हर आज कुठल्या अवस्थेत आहे

‘गेटएन्फोर्स’ ही आज्ञा द्या. उत्तर ‘एन्फोर्सिंग’ आलं तर नियम लागू आहेत. ‘परमिसिव्ह’ आलं तर नकार फक्त नोंदवले जातायत, अडवलं काहीच जात नाही. ‘डिसेबल्ड’ आलं तर व्यवस्था पूर्ण बंद आहे, आणि तेवढ्या काळात तयार झालेल्या फाइलींवर बिल्लेही नाहीत.

बंद असेल तर थेट एन्फोर्सिंगवर जाऊ नका; बिल्ल्यांविना संगणक धड सुरूही न होण्याचा धोका असतो. आधी मांडणीत परमिसिव्ह करा, संगणक पुन्हा सुरू करून सगळ्या फाइलींना नव्याने बिल्ले लावू द्या. मोठ्या डिस्कवर याला बराच वेळ लागतो, म्हणून बाजार बंद असेल तो दिवस निवडा. मग आठवडाभर नेहमीचं काम चालू द्या आणि रोज नोंदवही वाचा. एकेका नकाराचं कारण शोधून मिटवा. नोंदवही कोरी राहू लागली की एन्फोर्सिंग करा, आणि ज्याने कुणी ‘ते बंद करून टाक’ असं सांगितलं होतं त्यालाही हे करायला सांगा.